पिवळ्या टनरची राखण

महापालिकेच्या जुन्या फिल्टर हाऊसच्या मागच्या अंगाला एक वेगळी खोली असते. दारावर कवटी आणि हाडांचे चित्र, पंख्याचे बटण दाराबाहेर, श्वसनसंचाची पेटीही बाहेरच्याच भिंतीला. आत लोखंडी रोलरवर दोन-चार पिवळ्या पोलादी टाक्या आडव्या निजवलेल्या. तिथले ऑपरेटर त्यांना टनर म्हणतात. एका टनरात ९०० किलो द्रवरूप क्लोरीन मावतो. रिकाम्या टनरचेच वजन सहाशे-सातशे किलो भरते, त्यामुळे तो जागचा हलवायचा तर चेनपुली किंवा क्रेन लागते. सकाळी नळाच्या पाण्याला जो किंचित उग्र वास येतो, त्याचा उगम या खोलीत असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. गावोगावचे पाणीपुरवठा कर्मचारी ‘ओटी घेतली का?’ असे एकमेकांना विचारतात, ते याच शिलकीबद्दल.

लिटरमागे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा पोटात गेला तर काही होत नाही, उलट पटकी आणि विषमज्वर टळतात. श्वासातला हिशेब मात्र वेगळा आहे. हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचा एक भाग, ही कामाच्या जागी सहसा न ओलांडण्याची मर्यादा मानली जाते. दहा भाग झाले, की अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्याची संस्था ती हवा जीवाला तत्काळ धोका देणारी ठरवते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हजारो सिलिंडरांची तोंडे वाऱ्याच्या दिशेने उघडली आणि हिरवट पिवळा ढग खंदकांत उतरला. त्यामागे फ्रिट्झ हाबर हा रसायनशास्त्रज्ञ होता. तो ढग खंदकांतच का उतरला, हे समजले की क्लोरीन साठवण्याच्या निम्म्या नियमांचा उलगडा होतो.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड आहे. गळलेला वायू धुरासारखा वर जात नाही. तो जमिनीलगत पसरतो, गटारात शिरतो, तळघरात साचतो, उताराने खाली वाहतो. म्हणून क्लोरीनच्या खोलीतला पंखा हवा ओढून घेतो ती जमिनीजवळून. वासाची सूचना देणारे यंत्रही गुडघ्याखालीच बसवतात. खोली जमिनीच्या पातळीवर किंवा वर असते, खाली कधीच नसते. दारे बाहेरच्या बाजूला उघडतात. आणि गळती झाली तर पळायचे ते वाऱ्याला काटकोनात, उंचावर. कारखान्याच्या छपरावर फडफडणारी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी पिशवी त्यासाठीच लावलेली असते. पळणाऱ्याने आधी तिच्याकडे पाहायचे असते, गेटकडे नंतर. गेट नेमके वाऱ्याच्या दिशेला असेल, तर गेटकडे धावणारा माणूस वायूबरोबरच धावत राहतो.

टनरच्या आत काय चालते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. साध्या दाबाला क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो. पुण्याच्या थंडीतही तो वायूच असतो. त्याला द्रवरूपात ठेवायचे तर दाबाखाली कोंडावे लागते. वीस अंशांना आतला दाब हवेच्या दाबाच्या साधारण साडेसहा-सात पट होतो, चाळीस अंशांना अकरा पटींच्या वर जातो. हा दाब ठरवते तापमान, आत किती माल आहे ते नव्हे. टनर काठोकाठ भरलेला असो किंवा तळाला चार किलो उरलेले असोत, दाबमापकाचा काटा एकाच जागी उभा राहतो. काट्याकडे पाहून ‘अजून बराच आहे’ किंवा ‘संपत आला’ असे म्हणणाऱ्याला हा पदार्थ कळलेलाच नाही. किती उरला, ते फक्त वजनकाटा सांगतो. त्यामुळे चांगल्या केंद्रात टनर काट्यावरच ठेवतात आणि शिफ्टगणिक वजन वहीत उतरवतात.

‘काठोकाठ’ हा शब्दही इथे सैलच वापरला आहे. टनर कधीच पूर्ण भरत नाहीत. त्यात जेवढे पाणी मावेल, त्या पाण्याच्या वजनाच्या सव्वापट क्लोरीन भरायचा, असा दंडक आहे. क्लोरीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने वर थोडी मोकळी जागा उरते. ऊन लागले की द्रव फुगतो आणि ती जागा खात जातो. साधारण ६८ अंशांच्या आसपास टनर द्रवाने पूर्ण भरून जातो. त्यापुढे द्रवाला फुगायला जागा नाही आणि पोलादाला ताणायला मर्यादा आहे. ही वेळ येऊ नये म्हणून टनरच्या दोन्ही तोंडांना वितळणारी बुचे बसवलेली असतात, सत्तरीच्या थोडे पुढे गेले की ती वितळून वाट करून देतात. टाकी फुटण्यापेक्षा बूच वितळलेले बरे, एवढाच त्यातला दिलासा. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या पोलादाला हात लावून पाहिलेल्या माणसाला शेडचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

टनर आडवा ठेवतात आणि त्याच्या एका तोंडाला दोन व्हॉल्व्ह असतात. चालू टनर असा फिरवून ठेवायचा, की दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक येतील. वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. हा फरक जिवावरचा आहे, कारण एक लिटर द्रव बाहेर आला की त्याचा सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो. तेवढ्याच भोकातून वायूऐवजी द्रव गळू लागला, तर वजनाने कितीतरी पट अधिक क्लोरीन बाहेर पडतो. त्यामुळे द्रव गळणाऱ्या टनरवर प्रशिक्षित पथक जे पहिले काम करते, ते भोक बुजवण्याचे नसतेच. टनर रोलरवर फिरवून भोक वर आणायचे, म्हणजे द्रवाच्या जागी वायू येऊ लागतो. शिवाय वायू निघताना आतला द्रव उकळतो, उकळताना थंड पडतो आणि दाब आपोआप उतरतो. पथकाला त्यातून थोडा वेळ मिळतो. रोलरचे महत्त्व त्या दिवशी कळते. टनर लाकडी ठोकळ्यांवर किंवा नुसत्या जमिनीवर टाकून ठेवलेला असेल, तर दीड टनाचा तो ऐवज गळतीच्या ढगात उभे राहून कोण फिरवणार?

गळती सापडते कशी? नाकाने, असे उत्तर मिळते आणि ते अर्धेच खरे आहे. क्लोरीनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण तिथे रोज वावरणाऱ्याचे नाक हळूहळू मरते. जुन्या ऑपरेटरांची रीत अशी: काठीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, तो अमोनियाच्या पाण्यात भिजवायचा आणि सांध्यांजवळून फिरवायचा. क्लोरीन गळत असेल तर तिथे पांढरा धूर उठतो. तो अमोनियम क्लोराइडचा. बोळा सांध्याला टेकवायचा मात्र नाही, कारण अमोनिया पितळ खातो आणि व्हॉल्व्हचे अंग बहुधा पितळी घराण्यातलेच असते.

बहुतेक छोट्या गळत्या जिथे सापडतात ती जागा फारच क्षुल्लक असते: व्हॉल्व्ह आणि नळीच्या जोडातला शिशाचा वॉशर. टनर बदलताना दर वेळी हा वॉशर नवा घालायचा असतो. एकदा आवळला की शिसे दबते, त्याचा आकार जातो आणि दुसऱ्यांदा ते तोंड नीट धरत नाही. वॉशर काही रुपयांचा. पण स्टोअरमध्ये संपलेले असतात, मागणीपत्रावर सही व्हायची असते, रात्रपाळी असते, मग जुनाच उलटा करून बसवला जातो आणि न जमल्यास पान्याला पाइप अडकवून जोर लावला जातो. व्हॉल्व्हचा दांडा एका फेऱ्यात पुरेसा उघडतो, हाताच्या जोरावर बंद होतो. लांब पान्याची गरज भासली तर समजावे, की काहीतरी आधीच चुकले आहे.

आता पाण्याविषयी. क्लोरीनच्या बाबतीत सामान्य माणसाची सर्वांत घातक समजूत ही, की वायू गळतोय म्हणजे पाणी मारा. कोरडा क्लोरीन साध्या पोलादाला काही करत नाही, म्हणून तर त्याचे टनर साध्या पोलादाचे असतात. ओलावा मिळाला की चित्र पालटते. क्लोरीन आणि पाणी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते भोकाच्या कडा खाते आणि सुईएवढे भोक बघता बघता बोटाएवढे होते. वर पुन्हा पाणी त्या थंडगार द्रवाला ऊब देते आणि तो जोरात उकळू लागतो. विरघळण्याचे म्हणाल, तर वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम सात ग्रॅम क्लोरीन सामावतो. अग्निशामकांच्या प्रशिक्षणात हे पुनःपुन्हा सांगावे लागते, कारण त्यांचा हात सवयीने होजकडे जातो. दूर गेलेल्या ढगावर पाण्याचा बारीक फवारा धरता येतो, टनरवर धार कधीच नाही.

ओल्या-कोरड्याचा हा खेळ धातूंच्या निवडीत आणखी चमत्कारिक होतो. टायटॅनियम हा महागडा, गंजाला दाद न देणारा धातू. ओल्या क्लोरीनमध्ये तो वर्षानुवर्षे टिकतो. कोरड्या क्लोरीनमध्ये तोच पेट घेतो. साधे पोलाद याच्या बरोबर उलट, पण त्यालाही मर्यादा आहे. साधारण अडीचशे अंशांच्या वर पोलाद क्लोरीनमध्ये जळू लागते, ऑक्सिजन नसतानाही. म्हणून क्लोरीनच्या पाइपला वेल्डिंगची ज्योत लावण्यापूर्वी तो पूर्ण रिकामा आणि स्वच्छ केलेला असावा लागतो. तेल आणि ग्रीसही इथे चालत नाही, त्यांच्याशी क्लोरीन जोरात प्रक्रिया करतो. इतर यंत्रांवर काम करून आलेला फिटर जाम झालेल्या आट्यांवर प्रेमाने तेलाचा थेंब सोडतो, तो इथे घातक ठरू शकतो.

धातूची निवड चुकली तर काय होते, याचा धडा अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फेस्टस गावाजवळ मिळाला. १४ ऑगस्ट २००२ ची सकाळ. तिथल्या कारखान्यात रेल्वेच्या टँकरमधून क्लोरीन काढून लहान टाक्यांत भरत असत. टँकर आणि पाइप यांना जोडणारी एक लवचीक नळी फुटली. पुढच्या सुमारे तीन तासांत बावीस टनांच्या आसपास क्लोरीन हवेत गेला. त्रेसष्ट जणांना वैद्यकीय तपासणीसाठी जावे लागले, तिघांना दाखल करावे लागले. कोणी दगावले नाही. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास केला तेव्हा निघाले ते असे: नळीवरच्या धातूच्या विणीसाठी हॅस्टेलॉय हा निकेलचा खास मिश्रधातू मागवला होता, आली होती साध्या स्टेनलेस स्टीलची वीण. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. नळीतून नकळत झिरपणाऱ्या क्लोरीनने स्टेनलेस स्टील काही आठवड्यांत पोखरले. पुरवठादाराचे कागद बरोबर होते आणि कारखान्यात धातूची स्वतंत्र तपासणी होत नव्हती.

पण नळी फुटली तर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह होते ना? होते. बटण दाबले गेले, व्हॉल्व्हनी बंद व्हायचा प्रयत्नही केला. आत ओलावा शिरून गंजाचे थर बसले होते, त्यामुळे ते पूर्ण मिटलेच नाहीत. आणीबाणीचे साहित्य ठेवले होते टँकरच्या जवळ, म्हणजे आता नेमके ढगाच्या पोटात. या अपघातात चुकलेली प्रत्येक गोष्ट कागदावर अस्तित्वात होती. व्हॉल्व्ह होते, साहित्य होते, मागणीपत्रावर बरोबर धातू होता. ते खरोखर चालते का, हे मधूनमधून हाताने तपासून पाहण्याचे काम मात्र अंगवळणी पडलेले नव्हते.

मुंबईतली घटना याहून बोलकी आहे. १४ जुलै २०१० च्या पहाटे शिवडीजवळ हाजी बंदर येथे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या धोकादायक मालाच्या गोदामात क्लोरीनचा सिलिंडर गळू लागला. पावसाळ्याची दमट हवा, समुद्राकाठची जागा. शंभराहून अधिक जणांना श्वासाचा त्रास झाला, काही अत्यवस्थ झाले. हा सिलिंडर कुठल्या कारखान्यात जोडलेला नव्हता, त्याला कोणी पाना लावला नव्हता, तो कोणी पाडलाही नव्हता. तो नुसता पडून होता, १९९७ पासून. आयात झालेल्या मालाचा ताबा घ्यायला कोणी आले नाही आणि अशा शंभराहून अधिक सिलिंडरांवर तेरा पावसाळे गेले. खारी हवा बाहेरून पोलाद खात राहिली.

क्लोरीनच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाखाली दर दोन वर्षांनी चाचणी घ्यावी लागते. इतर अनेक वायूंच्या सिलिंडरांना पाच वर्षे मिळतात, क्लोरीन स्वभावाने खाऊ असल्याने त्याला कमी. पण चाचणी मालक करून घेतो. ज्याचा मालकच नाही, त्याची चाचणी कोण करणार? बंदराच्या लेखी तो कुणाचा तरी बेवारस माल होता, ज्याने मागवला त्याच्या लेखी सोडून दिलेला व्यवहार. क्लोरीनच्या सुरक्षेवर जाडजूड नियमपुस्तके आहेत आणि त्यातला प्रत्येक नियम कुणीतरी पाळेल, हे गृहीत धरलेले असते. हाजी बंदरात तो ‘कुणीतरी’ गैरहजर होता. गळती थांबवायला अग्निशमन दलाच्या मदतीला तज्ज्ञांची पथके बोलवावी लागली. एकच सिलिंडर गळला, बाकीचे धरून राहिले, ही शहराची पुण्याई म्हणायची.

बंदरातलाच, पण वेगळ्या जातीचा अपघात जॉर्डनच्या अकाबा बंदरात २७ जून २०२२ रोजी झाला. जहाजावर चढवली जात असलेली पंचवीस टनांच्या आसपासची क्लोरीनची टाकी क्रेनचा दोर तुटून डेकवर आपटली. कॅमेऱ्यात दिसते ते असे, की काही क्षणांत गडद पिवळा ढग जहाज गिळतो आणि धक्क्यावरची माणसे धावू लागतात. तेरा जण गेले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. टाकी ठीक होती, व्हॉल्व्ह ठीक होते. दोर कमी पडला. म्हणून टनर उचलताना दोरखंड किंवा साखळी कशीबशी गुंडाळून चालत नाही, दोन्ही टोकांच्या कडांत अडकणारी खास उचल-पट्टी लागते आणि टांगलेल्या टनरखालून कोणी जायचे नसते. अनेक ठिकाणी चेनपुलीवर क्षमता लिहिलेली असते तीही रंगाखाली गेलेली दिसते.

भारतात हा सगळा व्यवहार कायद्याच्या चौकटीत यायला भोपाळ घडावे लागले. १९८४ च्या डिसेंबरात तिथे सुटलेला वायू क्लोरीन नव्हता, मिथाइल आयसोसायनेट होता, पण साठवणीचे दोष ओळखीचे होते. थंड ठेवायची टाकी, तिचे शीतकरण बंद. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा हवी त्या तयारीत नव्हती. जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना कायदा बदलला आणि १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम झाले. या नियमांत क्लोरीनसाठी दोन उंबरठे आहेत, १० टन आणि २५ टन. पहिला ओलांडला की प्रशासनाला रीतसर कळवणे आणि आवारातल्या आणीबाणीचा आराखडा ठेवणे आले, दुसरा ओलांडला की सविस्तर सुरक्षा अहवाल.

आता थोडे गणित. ९०० किलोचे अकरा टनर म्हणजे ९.९ टन. बारावा आणला की उंबरठा ओलांडला. वायूला हा आकडा कळत नाही, एकच टनर पूर्ण रिकामा झाला तरी आसपासची वस्ती हलवावी लागू शकते. सिलिंडर आणि टनर यांच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे आणि राज्यातले कारखाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कक्षेत येतात. तपासणी अधिकारी येणार म्हटले की खोली रंगवली जाते. त्याने येऊन आधी वजनाची वही आणि वॉशरचा डबा मागावा, रंग नंतर पाहावा.

गळालेल्या क्लोरीनचे करायचे काय, याचे उत्तर रसायनशास्त्राने मोठ्या गमतीने देऊन ठेवले आहे. क्लोरीन तयार होतो मिठाच्या पाण्यात वीज सोडून. त्याच प्रक्रियेत दुसऱ्या टोकाला कॉस्टिक सोडा मिळतो, एक किलो क्लोरीनमागे सुमारे १.१३ किलो. आणि एक किलो क्लोरीन निष्प्रभ करायला कॉस्टिक लागतो तोही तेवढाच, १.१३ किलो. कारखान्यात जोडीने जन्मलेली ही दोन रसायने टँकरमधून वेगवेगळ्या दिशांना जातात आणि क्लोरीनच्या खोलीत पुन्हा एकत्र येतात. चांगल्या केंद्रात गळतीची सूचना मिळताच पंखा खोलीतली हवा ओढून मनोऱ्यात नेतो आणि वरून कॉस्टिकच्या द्रावणाचा पाऊस पडतो. मनोरा आहे, पंपही आहे, पण कॉस्टिकची टाकी कधीची भरली होती? कॉस्टिक उघड्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू निकामी होतो. त्याचीही ताकद तपासत राहावी लागते.

सगळे बिघडूनही माणसे वाचल्याचे उदाहरण शोधायचे तर कॅनडातल्या मिसिसॉगाकडे जावे लागते. १० नोव्हेंबर १९७९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथे मालगाडीचा एक आस तापून तुटला आणि डबे घसरले. प्रोपेनच्या टाक्या एकामागून एक फुटल्या, आगीचे लोळ उठले. त्या आगीत एक डबा ९० टन क्लोरीनचा होता आणि त्याला मोठे भगदाड पडले होते. अधिकाऱ्यांनी ढग दिसण्याची वाट पाहिली नाही. दोन लाखांहून अधिक लोकांना, रुग्णालयांतल्या रुग्णांसह, टप्प्याटप्प्याने हलवले आणि जवळजवळ आठवडाभर शहराचा मोठा भाग बंद ठेवला. महापौर हेझल मॅककॅलियन यांचे नाव त्यामुळे देशभर झाले. एकही मृत्यू झाला नाही. नशिबाचा वाटाही मोठा होता, प्रोपेनच्या आगीने बराचसा क्लोरीन उंच उचलून नेला. पण डब्यात काय आहे हे सांगणारी यादी हाताशी असणे आणि ती वाचून ताबडतोब निर्णय घेणे, यात नशीब नव्हते.

अमेरिकेत ६ जानेवारी २००५ ला ग्रॅनिटव्हिलमध्ये माणसे वाचवणे जमले नाही. रुळांचा सांधा चुकीच्या बाजूला सोडलेला राहिला, मालगाडी उभ्या गाडीवर आदळली, साठ टनांच्या आसपास क्लोरीन सुटला आणि नऊ जण मेले. पहाटेची वेळ होती. शेजारच्या कापड गिरणीच्या यंत्रांत तो वायू शिरला आणि त्याने धातू इतका गंजवला, की पुढच्या वर्षी गिरणीला टाळे लागण्याची जी कारणे सांगितली गेली, त्यात हेही होते.

क्लोरीन छातीत गेलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट कामगारांच्या घरच्यांनाही माहीत असायला हवी. डोळे चुरचुरणे, खोकला, घशात आग, हे लगेच जाणवते आणि मोकळ्या हवेत आले की उतरतेही. माणूस म्हणतो, ‘आता बरं वाटतंय’, आणि घरी जातो. फुप्फुसात पाणी भरण्याचा प्रकार मात्र काही तासांनी सुरू होऊ शकतो. याला उतारा देणारे औषध नाही; प्राणवायू, विश्रांती आणि डॉक्टरांची नजर हाच उपचार. त्या काळात चालणे, जिना चढणे, ओझे उचलणे टाळायचे. ज्याने जोरात श्वास घ्यावा लागेल असे काहीच नको. डोळ्यांत गेला असेल तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवायचे. आणि क्लोरीनच्या खोलीत कधी पाऊलही न टाकलेल्या घरातसुद्धा हा वायू निघू शकतो: ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकाच बादलीत ओतले, की बंद न्हाणीघरात तोच तयार होतो.

टनर रिकामा झाला की त्याची चिंता संपते, हा आणखी एक भ्रम. रिकाम्या टनरात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवूनच व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. आतला दाब अगदी उतरू दिला तर नळीतून पाणी किंवा दमट हवा मागे ओढली जाते आणि टनर आतून गंजू लागतो. म्हणून ‘रिकामा’ अशी चिठ्ठी लावलेल्या टनरलाही टोपी घालायची, भरलेल्यांपासून वेगळा ठेवायचा आणि पुरवठादाराकडे परत पाठवेपर्यंत त्याची नोंद ठेवायची. तो भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली गेला, तर आत उरलेले दोन-तीन किलो गल्लीला पुरून उरतात. बंद पडलेल्या सूतगिरण्या, कागद कारखाने, बदललेल्या पाणीयोजना यांच्या आवारात अशी पिवळी पोलादे अजून निघतात. लिलावाच्या यादीत त्यांचे वर्णन ‘लोखंडी टाकी’ असे असते.

ब्रिटिश रासायनिक अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ यांनी सत्तरच्या दशकात या सगळ्याच्या मुळाशी हात घातला. राखण चोख करत बसण्यापेक्षा इतका साठा लागतोच का, हे आधी विचारा, असा त्यांचा आग्रह होता. वॉशिंग्टन शहराच्या सांडपाणी केंद्रात क्लोरीनचे रेल्वे टँकर उभे असत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही आठवड्यांतच ते हलवले गेले आणि केंद्र सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणावर आले. भारतातही अनेक पाणीपुरवठा केंद्रे त्या वाटेने निघाली आहेत. काही ठिकाणी मीठ, पाणी आणि वीज यांपासून जागेवरच सौम्य हायपोक्लोराइट बनवतात, त्यामुळे टनर आणायचाच नसतो. यात नवी डोकेदुखी आहेच. तयार हायपोक्लोराइट उन्हाळ्यात लवकर ताकद गमावते, टँकरच्या फेऱ्या वाढतात, जागेवर बनवायचे तर वीज आणि देखभालीचा खर्च येतो, शिवाय मीठ स्वच्छ लागते. लहान नगरपालिकांना हे लगेच परवडत नाही. तोपर्यंत टनर येत राहणार, आणि ट्रकमधून उतरवताना त्याच्या कडेला कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख वाचून मगच तो आत घ्यायचा, हे काम स्टोअरकीपरचे आहे.